सोनाजी आपल्या पायांनी गेला

नसबंदी हा शब्द सोनाजीच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे.

आणीबाणीच्या साली त्याचा बाप मुंजाबा मेंढरं घेऊन बाजाराला गेला होता. परतला तो दुसऱ्याच कुणाच्या बैलगाडीत, आडवा पडून. मेंढरं कुठं गेली ते कधीच कळलं नाही. बाजाराच्या तोंडाशीच माणसं धरून ट्रकात भरली होती, तंबूत नेली होती. कुणाला किती लेकरं आहेत, कुणाचं लग्न तरी झालंय का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मुंजाबाची जखम चिघळली आणि तो सगळा पावसाळा बाजेवर पडून राहिला. उठला तेव्हा मेंढरांमागं जाऊ लागला, पण पारावर बसणं त्यानं सोडलं. धनगराच्या वस्तीत बोकड खच्ची करणं हे नेहमीचं काम, त्यामुळं टिंगल करणाऱ्यांना शब्द शोधावे लागत नव्हते. सोनाजी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. एका टवाळाचा त्यानं दगड मारून ओठ फोडला होता. का मारलास, हे बापानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

पुढं शहराजवळ वाळूजला कारखाने उभे राहिले. करमाडच्या अलीकडची-पलीकडची, पार परभणीकडची पोरं वळकट्या घेऊन आली, तसा सोनाजीही आला. प्रेस शॉपमध्ये त्याला काम लागलं. पत्रा ठेवायचा, दणका बसला की आकार घेतलेला तुकडा उचलायचा, दुसरा ठेवायचा. बजाजनगरात त्यानं खोली घेतली आणि बायको भामाला नि लेकरांना गावाहून आणलं. दोन मुली, त्यांच्या पाठचा मुलगा. शेजारी शफी आणि त्याची बायको जाहेदा राहत. शफीचा तीन चाकी टेम्पो होता. जाहेदाच्या चुलीपाशी भामाची लेकरं जेवायची आणि भामाच्या पाटीतल्या भाकरी जाहेदाच्या घरी जायच्या, इतकं दोन्ही घरांत येणंजाणं.

मुलगा झाला तेव्हाच भामानं सांगितलं होतं, "आता बस झालं. तीन लेकरं सांभाळताना माजा जीव मेटाकुटीला आलाय."

सोनाजीही व्हय म्हणाला. पण व्हय म्हणणं सोपं होतं. भामानं तांबी बसवून घेतली तर अंगावरून इतकं जायला लागलं की ती काढावी लागली. गोळ्यांनी तिला चक्कर यायची. तिच्या ऑपरेशनचं विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही. आधी रक्त वाढू द्या, मग पोटाचं बघू." सरकारी दवाखान्यातून निरोधची पाकिटं फुकट मिळायची. ती सोनाजी आणायचा, पण आणलेली पाकिटं पत्र्याच्या पेटीत तशीच राहायची.

व्हायचं ते झालं. मुलगा अजून अंगावर पीत होता आणि भामाला दिवस गेले.

सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ती घाबरून गेली होती. आत गेल्यावर तिनं पहिलं हेच विचारलं, "बाई, हे केल्यावर पोलिसात तर नाय ना देनार?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "पूर्वी दिलं असतं. आता कायदा बदललाय, त्यालाही पंधरा वर्षं होत आली. नवरा-बायकोनं काळजी घेऊनही राहिलं, तर बाईला मोकळं होता येतं. इथं, उघडपणे. लपायचं कारण नाही."

"आमी कुटं काळजी घेतली," भामा पुटपुटली आणि तिनं दाराकडं पाहिलं. दारात सोनाजी उभा होता.

सही करायची वेळ आली तेव्हा सोनाजी पुढं झाला. डॉक्टरीणबाईंनी पेन भामाच्या हातात दिलं.

"माजी सही?" सोनाजीनं विचारलं.

"तुमची लागत नाही. बाई सज्ञान आहे. तिची एकटीची पुरते."

सोनाजीला हे नवीनच होतं. त्याच्या माहितीत, बायकोचं नाव कुठंही लिहायचं तर खाली त्याचं नाव लागायचं. भामानं मात्र जीभ दातात धरून, शाळेत शिकली होती तेवढी अक्षरं जोडत, सावकाश सही केली.

सगळं नीट पार पडलं. जाताना डॉक्टरीणबाईंनी सोनाजीला बाजूला बोलावलं. "हिचं ऑपरेशन एवढ्यात होणार नाही. तुमचं होऊ शकतं. लहानसं काम असतं. बाईच्या ऑपरेशनच्या मानानं काहीच नाही. विचार करा."

सोनाजीनं मान हलवली. पण त्याच्या डोळ्यांपुढं बापाची ती बैलगाडी आली होती.

कारखान्यात चहाच्या वेळेला कधीमधी हा विषय निघायचा. मशीन बंद पडलेलं असलं की माणसं घरच्या गोष्टी बोलतात. एक जण म्हणायचा, "नसबंदी केली की कंबर जाते. मग हे प्रेसचं काम कोन करनार?" दुसरा म्हणायचा, "करायचीच कशाला? आता सरकारनंच वाट करून दिलीया. राहिलंच तर बाईला नेऊन आनायचं. अर्ध्या दिवसाचं काम." सगळे माना डोलवायचे. सोनाजीच्या शेजारच्या मशीनवरचा बन्सी तेवढा काही बोलायचा नाही. तो चहा संपवून उठायचा. पण त्याचं उठणंही कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण त्याला सदा घाई असायची. विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत तो पहिल्यापासून होता. शिफ्ट सुटली की सभा, नाहीतर मोर्चा. त्याच वादातल्या दंगलीत त्याच्या मामाचं घर जळालं होतं.

अर्ध्या दिवसाचं काम, हे सोनाजीच्या मनात पक्कं बसलं. बापाच्या वेळेला सरकारनं माणसाला धरून कापलं. आता तेच सरकार म्हणतंय, अडचण आली तर बाई मोकळी होऊ शकते. मग आपण कशाला सुरीखाली जायचं? त्याला वाटलं, कायद्यानं त्याचीच सुटका केलीय. भामा त्यानंतर महिनाभर भिंतीला धरून चालत होती, हे त्यानं पाहिलं होतं. पण पाहिलेलं सगळंच माणूस मनावर घेतो असं नाही.

वर्ष सरायच्या आत भामाला पुन्हा दिवस गेले.

हे तिनं सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता दवाखान्यात तुमी आत या माज्यासंगं. मला एकटीला त्या बाईपुढं उभं राहायची लाज वाटती."

लाज सोनाजीलाही वाटत होती, पण निराळी. डॉक्टरीणबाई विचारतील, केलं का तुम्ही? त्याला काय सांगायचं? तो दोन-तीन दिवस टाळत राहिला. मग कुणीतरी त्याला शहरात औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीतला दवाखाना सांगितला. तिथं कुणी काही विचारत नाही, थांबावं लागत नाही.

"सरकारी दवाखाना काय वाईट व्हता?" भामानं विचारलं.

"तिथं लई गर्दी राहती. इथं लवकर व्हईल."

भामानं त्याच्याकडं नीट पाहिलं. तिला कळलं होतं. पण तिला मळमळत होतं, पोरं रडत होती आणि भांडायला अंगात त्राण नव्हतं. ती गेली.

जिन्याखालची एक खोली होती, पडदा लावलेली. पाटीवर डॉक्टरचं नाव अर्धं खरवडलेलं होतं. सोनाजी बाहेर रस्त्यावर, बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहिला. भामा बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. रिक्षात ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. असं ती चारचौघांत कधी करत नसे.

पुढचे काही दिवस ती काम करत राहिली. मग अंग तापायला लागलं. सोनाजीनं मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या. एका सकाळी तो पहिल्या शिफ्टला निघायच्या तयारीत असताना जाहेदा पाणी भरायला म्हणून आली आणि तिथंच ओरडली. भामा मोरीजवळ पडली होती. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

"सोनाजीभाई, देखते क्या हो? उठाव इसको!"

नेमका त्या दिवशी शहर बंद होतं. नामांतरासाठी बंदची हाक होती. बस नाही, रिक्षा नाही. शफीनं एक शब्द न बोलता टेम्पोतला माल उतरवला, गोधडी अंथरली. जाहेदानं भामाचं डोकं मांडीवर घेतलं. सोनाजी मागं बसून भामाचे तळपाय चोळत राहिला. ते थंड लागत होते.

शहराच्या अलीकडं रस्त्यावर टायरं पेटवलेली होती, दगड आडवे लावलेले होते. निळे झेंडे घेऊन पोरं उभी होती. टेम्पो थांबला तसा घोळका पुढं आला. कुणीतरी बॉनेटवर हात आपटला. "बंद हाय म्हाईत नाय का?"

सोनाजी खाली उतरला. त्यानं हात जोडले. तेवढ्यात घोळक्यातून बन्सी पुढं आला. बाहीवर पट्टी, घसा बसलेला. त्यानं सोनाजीचं तोंड पाहिलं, टेम्पोत डोकावला आणि मागं वळून बसलेल्या आवाजात ओरडला, "दगडं काढा! बाई हाय आत, बाई! पाणी टाका त्या टायरावर!"

पोरांनी दगड काढले. बन्सी टेम्पोच्या पुढच्या सीटवर शफीच्या शेजारी बसला आणि पुढं जिथं जिथं रस्ता अडवलेला होता तिथं तिथं खाली उतरून वाट करून देत राहिला. तो नसता तर दवाखान्यापर्यंत ते पोचलेच नसते, असं शफी पुढं कायम सांगायचा.

आत त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भामाला पाहिलं, सोनाजीला पाहिलं, आणि रागावण्यात वेळ घालवला नाही. आत अर्धवट राहिलेलं होतं, ते सडायला लागलं होतं. पिशवी पुन्हा साफ करावी लागली. रक्त द्यावं लागलं. सोनाजीनं दिलं, बन्सीनंही दिलं.

दुपारी दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. आतून काही निरोप येत नव्हता.

"बन्सी, तुजा तिकडं बंद चाललाय. तू जा," सोनाजी म्हणाला.

"लोकं हायेत तिकडं." बन्सी तिथंच बसून राहिला. "सोना, कुटं नेलं व्हतं तिला?"

सोनाजीनं सांगितलं. का नेलं तेही सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचाच आवाज ऐकवेना.

बन्सी म्हणाला, "म्या करून घेतलीया. नसबंदी. धाकटी झाली तवाच."

सोनाजी त्याच्याकडं वळला. "तू? आन् कंदी बोलला नाहीस?"

"काय बोलू? त्या चहाच्या टोळक्यात? लई हसले असते." बन्सीनं हातावरचा कापूस काढून फेकला. "हितं हक्कासाठी रस्त्यावर येतो, आन् तिथं चार लोकांच्या हसन्याला भ्यालो. व्हय, भ्यालो. बोललो असतो तर आज तू कदाचित हितं नसतास."



संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचेल," एवढंच म्हणाल्या, आणि सोनाजी पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. त्याचं रडणं थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कायदा झाला तो बायका असल्या जिन्याखाली मरू नयेत म्हणून. तुम्ही मात्र तो आपल्या सोयीचा समजलात. मोकळं होणं म्हणजे घाम पुसणं नाही हो. प्रत्येक वेळी तिच्या शरीरातून काहीतरी जातं."

गावाकडं निरोप गेला. सोनाजीची आई पुतळाबाई आली आणि सुनेच्या खाटेजवळ बसली. भामाचा हात तिनं हातात घेतला. मग तिला आपली बहीण आठवली. आक्काबाई. बहात्तरच्या दुष्काळाच्याही आधीची गोष्ट. पाच लेकरांवर सहावं नको म्हणून सुईणीनं झाडपाल्याची काडी घातली होती. आक्का तीन दिवस तळमळली. नवऱ्यानं दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील. "तवा असा कायदा असता तर माजी आक्का जगली असती," पुतळाबाई डोळे पुसत म्हणाली. "आन् तुज्या हाताशी कायदा व्हता, तरी तू हिला काडीवालीकडंच नेलंस रं!"

सोनाजी म्हणाला, "माय, म्या आता ऑपरेशन करून घेतो. माजं."

पुतळाबाईचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. "नाय!"

"माय..."

"नाय म्हनते ना. एकाचं बघितलं तेवढं पुरं. तू कमावता, मशीनवर उभा राहनारा. हिच्यात रक्त आलं की हिचंच करू." आणि हे म्हणताना भामाचा हात तिनं हातातून सोडलाही नव्हता.

भामानं डोळे मिटलेलेच ठेवले. पण ती झोपलेली नव्हती. सासू चहा आणायला गेली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "मी तुमाला करा म्हननार नाय. जबरदस्तीनं काय व्हतं ते आबांकडं बघून मला ठावं हाय. पर एक सांगते. पुन्यांदा मी कुठल्याच दवाखान्याच्या खाटेवर झोपनार नाय. तुमी अन् मी, मधी लेकरं झोपतील. जलमभर."

ती रागात बोलली नव्हती. त्यामुळंच सोनाजीला ते जास्त लागलं.

भामा घरी आल्यावर तो गावी गेला. मुंजाबा माळावर होता. म्हातारा झाला होता, मेंढरंही थोडीच उरली होती. सोनाजी त्याच्यासोबत चालत राहिला. बाभळीखाली दोघं बसले तेव्हा त्यानं विषय काढला. बापासमोर तो शब्द उच्चारताना त्याची मान आपोआप खाली गेली.

मुंजाबानं तंबाखू मळली. मळून झाली तरी तोंडात टाकली नाही.

"दुखलं लई," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलत होता. "पर दुखन्याचं काय, मानसाला बैल मारतो, इंचू चावतो. ते इसरतं. मला म्हनले, झोप. म्या म्हनलो, साहेब, मला इचारा तरी. तर एक जन हसला." तो थांबला. "ते हसनं माज्या कानातून गेलं नाय. सुरी कवाच इसरलो मी."

मेंढरं पुढं सरकली होती. त्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला तशी ती थांबली.

"तुला कोनी धरलंय का?"

"नाय, आबा."

"सुनंनं घातलीया अट?"

"नाय. ती म्हनती, तुमचं तुमी बघा."

"मग तुजं अन् माजं सारखं कसं?" मुंजाबानं आता तंबाखू तोंडात टाकली. "मला इचारलं असतं, तुजी धाकटी भैन झाली तवा इचारलं असतं, तर म्या कदाचित व्हय म्हनलो असतो. तुजी मायबी थकली व्हती. तिला सांग म्या सांगितलं म्हनून. आन् जायचं तर ताठ मानंनं जा. तोंड लपवून जाऊ नको. आपल्या पायानं जातुयास तू."

पुतळाबाईला हे पटलं असं नाही. पण नवऱ्याचा निरोप ऐकून ती गप्प झाली, आणि ऑपरेशनच्या दिवशी पहाटे उठून तिनं लेकासाठी तूप घालून शिरा केला.

सोनाजी गेला तेव्हा शफी टेम्पो काढायला निघाला होता. सोनाजी नको म्हणाला. बसनं गेला. दवाखान्याच्या बाकावर त्यानं आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली. आतल्या तरुण डॉक्टरनं त्याला काय करणार ते आधी समजावून सांगितलं, मग विचारलं, "तुमची तयारी आहे ना? नको वाटत असेल तर आत्ता सांगा, परत जाता येईल." सोनाजीला बाप आठवला आणि त्याचे डोळे भरून आले. डॉक्टरला वाटलं तो भ्याला. तो भ्यालाही होता. पण "तयारी हाय," असं तो स्पष्ट म्हणाला.

सुई टोचली, मग खालचं बधिर झालं. डॉक्टर नर्सशी बंदबद्दल, पुन्हा कधी होणार याबद्दल बोलत होता आणि बोलता बोलताच त्यानं काम संपवलं. सोनाजीला ते खरंच वाटेना. घरी येताना दुखत होतं, लंगोट घट्ट बांधला होता, पाय फाकवून चालावं लागत होतं. दोन दिवस तो बाजेवर पडून राहिला. भामा त्याला तिथंच भाकरी द्यायची. पोरं विचारायची, बाबांना काय झालं? ती म्हणायची, "बाबांनी माजं दुखनं वाटून घेतलं."

लगेच सगळं मिटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तपासणी होईपर्यंत निरोध वापरायचाच. या वेळी पाकिटं पेटीत राहिली नाहीत. आणि तरीही तपासणीचा निकाल चांगला येईपर्यंत लेकरं मध्येच झोपली. भामानं शब्द मागं घेतला नव्हता आणि सोनाजीनंही तो मागं घ्यायला सांगितलं नाही. तिच्या अंगात रक्त यायला पुढं कितीतरी दिवस गेले. जिन्याखालच्या त्या खोलीचं तिला मधूनच आठवायचं आणि मग ती दिवसभर त्याच्याशी बोलायची नाही. तो ते सोसायला शिकला.

कारखान्यात त्यानं लपवलं नाही. चहाच्या वेळेला पुन्हा तेच बोलणं निघालं, अर्ध्या दिवसाचं काम वगैरे, तेव्हा तो म्हणाला, "म्या केली नसबंदी. कंबर जाग्यावर हाय, बघा." एक जण हसला. आणखी दोघं हसले.  तेव्हा बन्सीनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्याबी केलीया." मग कुणी हसलं नाही. मशीन चालू झालं आणि सगळे उठले.

काही आठवड्यांनी, शिफ्ट सुटल्यावर, सायकल स्टँडपाशी त्याला एकानं गाठलं. चहाच्या वेळेला सगळ्यात मोठ्यानं हसणारा तोच होता. सायकलची घंटी उगाच वाजवत राहिला, इकडंतिकडं पाहिलं.

"सोनाजी, एक इचारू? घरचीला दुसऱ्या बारीला दवाखान्यात न्यावं लागलं, गेल्या महिन्यात. उठत नाय अजून." त्याचा आवाज खाली गेला. "लई दुखतं का रं?"

सोनाजीनं सायकल परत स्टँडला लावली. "दुखतं," तो म्हणाला. "चल, बस. समदं सांगतो."